डोक्यावरचा भार कुणी उतरवायचा?

आई पहिल्यांदा आमच्याकडे आली तो २०१२ चा उन्हाळा. मँचेस्टरच्या नैर्ऋत्येला, आल्ट्रिंगम गावाजवळ डनम मॅसी नावाची जुनी जहागीर आहे. लाल विटांचा वाडा, त्याला लागून खंदकाचं पाणी, जुनी उंच झाडं आणि माणसांना न बुजणारी हरणं. आम्हां मराठी मंडळींचं पाहुण्यांना न्यायचं ते ठरलेलं ठिकाण. डबा घ्यायचा, चटई घ्यायची, दिवसभर गवतावर बसायचं.

हरणं पाहून आई खूश होती. मग वाडा बघायला निघालो आणि समोरच्या अंगणात ती एकदम थांबली. तिथे एक माणूस होता. शिशाचा, पुरुषभर मापाचा, काळ्या रंगाने रंगवलेला. एक गुडघा टेकलेला, कमरेला पिसांचा म्हणा, पानांचा म्हणा, एक घागरा, बाकी अंग उघडं. दोन्ही हात वर आणि त्या हातांनी डोक्यावर तोललेलं सौरघड्याळ. त्याआधी मी पाच-सहा वेळा तरी त्याच्यासमोरून गेले होते. आमच्या फोटोंत तो कुठेतरी कडेला आलाही असेल.

आई त्याच्याभोवती एक फेरी मारून आली. जुन्नरकडच्या डोंगरांतून लहानपणी सरपणाच्या मोळ्या वाहिलेली बाई ती. म्हणाली, "अगं, पण हा उठणार कसा?"

मला काही उमजलं नाही. तेव्हा तिने समजावून सांगितलं. मोळी डोक्यावर असली की चालत राहायचं, टेकायचं नाही. एकदा का गुडघा टेकला की स्वतःहून उठता येत नाही, मान साथ देत नाही. समोरून येणाऱ्याने भाऱ्याला हात लावायचा, मोळी उतरवायची, दोन घोट पाणी पिऊ द्यायचं आणि मग पुन्हा चुंबळीवर नीट बसवून द्यायची. ओळखीचा असो, परका असो, वाटेत ओझ्याखाली टेकलेलं माणूस दिसलं की हात लावल्याशिवाय पुढे जायचं नाही, ही तिकडची रीत. "याला कुणी हातच लावला नाही ना इतकी वर्षं," असं म्हणाली आणि चालायला लागली.

आठ वर्षांनी, जून २०२० मध्ये, त्याला तिथून हलवण्यात आलं. अमेरिकेत मिनिआपोलिसमध्ये जॉर्ज फ्लॉइड या काळ्या माणसाचा पोलिसाच्या गुडघ्याखाली जीव गेला होता. ब्रिस्टलमध्ये ७ जूनला लोकांनी गुलामांच्या व्यापारातल्या एडवर्ड कोल्स्टनचा पुतळा दोर लावून पाडला आणि बंदराच्या पाण्यात लोटला. त्याच आठवड्यात डनम मॅसी सांभाळणाऱ्या नॅशनल ट्रस्टने ही मूर्ती अंगणातून काढली. काळ्या माणसाचं हे असं चित्रण, तेही वाड्याच्या अगदी दर्शनी जागी, यामुळे लोकांना वेदना होतात, असं कारण ट्रस्टने दिलं. लगेच दोन तट पडले. एकाचं म्हणणं, बरं झालं, फार आधी व्हायला हवं होतं. दुसऱ्याचं म्हणणं, तुम्ही इतिहास पुसताय.

माझं मत या दोन्ही तटांना पटणारं नाही. त्या अंगणात त्या मूर्तीला जागा नव्हती, हे मला पूर्ण मान्य आहे. पण तिला नजरेआड करणं हा दुसरा अन्याय आहे. ती लोकांसमोर असली पाहिजे, घराच्या आत असली पाहिजे आणि तिच्याबद्दल खरं सांगितलं गेलं पाहिजे.

कोल्स्टनची आणि या माणसाची गोष्ट एक नाही, इथूनच सुरुवात केली पाहिजे. कोल्स्टन हा रॉयल आफ्रिकन कंपनीच्या वरिष्ठ कारभाऱ्यांपैकी एक. आफ्रिकेतून माणसं पकडून जहाजांत कोंबून विकणं हा त्या कंपनीचा धंदा. १७२१ मध्ये तो मेला आणि १८९५ मध्ये शहराने त्याचा पुतळा उभारला. खाली लिहिलं की हा आपल्या नगरीच्या सर्वांत सद्गुणी आणि सुज्ञ सुपुत्रांपैकी एक. तो पुतळा म्हणजे मान होता. तो पाडला म्हणजे दिलेला मान परत घेतला, आणि योग्यच केलं.

डनमच्या अंगणातल्या माणसाला मान कुणी दिला होता? त्याला नाव नाही, खाली कौतुकाची ओळ नाही. तो तिथे घड्याळाचा खांब म्हणून होता. विकणाऱ्याला चौथऱ्यावरून खाली ओढण्याच्या त्या दिवसांत, जो विकला गेला त्यालाही आपण त्याच यादीत घातलं. आणि घरात भिंतींवर त्या घराण्याची चित्रं आपापल्या चौकटींत सुखरूप राहिली. माझा आक्षेप आहे तो याला.

ही मूर्ती आली कुठून, हे पाहिलं की बरंच काही उलगडतं. तिचा काळ साधारण १७३५ चा. वॉरिंग्टनचा दुसरा अर्ल जॉर्ज बूथ तेव्हा वाडा नव्याने बांधत होता. घडवणारा बहुधा आंद्रिज कार्पेंतिएर, लंडनमध्ये अँड्र्यू कार्पेंटर म्हणून ओळखला जाणारा शिल्पकार. त्याने आधी काम केलं ते फ्लँडर्समधल्या मेचेलेनहून आलेल्या जॉन व्हॅन नॉस्टबरोबर. तिसऱ्या विल्यम राजाच्या हॅम्प्टन कोर्टच्या बागेसाठी व्हॅन नॉस्टने असाच गुडघे टेकलेला आफ्रिकी माणूस केला होता. राजाच्या बागेत आहे म्हटल्यावर बाकीच्या सरदारांनाही तो हवासा वाटला. पिकॅडिली आणि हाइड पार्क कॉर्नरच्या आसपास या शिल्पकारांच्या वखारी होत्या. शिसं संगमरवरापेक्षा स्वस्त, लवकर वितळणारं, साच्यात ओतायला सोपं. एकदा नमुना तयार झाला की हवे तितके नग काढायचे. मेंढपाळ, मेंढपाळणी, ग्रीक देवदेवता आणि त्यांच्याच रांगेत हा.

म्हणजे अर्लने कुणा एका माणसाची मूर्ती करून घेतली नव्हती. त्याने बागेसाठी तयार प्रकारातला एक माल मागवला होता. मला यातलं सर्वांत भयंकर काही वाटत असेल तर ते हे. इथे कुणाचा द्वेष नाही, राग नाही. फाटकापासून दारापर्यंतची जागा रिकामी दिसते, तिथे काहीतरी असावं, मग गुडघे टेकलेला एक काळा माणूस ठेवू. माणसाचा खांब करताना कुणाच्या कपाळाला आठी पडली नाही, कारण जहाजांवर त्याचा माल आधीच झाला होता. डनमपासून लिव्हरपूल मोटारीने तासाभराच्या अंतरावर. तिथून गुलामांच्या व्यापारासाठी सुटलेलं पहिलं ज्ञात जहाज १६९९ चं. त्याने २२० आफ्रिकी माणसं बार्बाडोसला नेऊन उतरवली. १६४० ते १८०७ या काळात ब्रिटिश जहाजांनी सुमारे ३१ लाख माणसं आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून उचलली. त्यांतली चार लाखांच्या आसपास समुद्रातच मेली.

असाच एक माणूस यॉर्कशरमधल्या वेंटवर्थ कॅसलच्या बागेतही होता. तिथला मालक अर्ल ऑफ स्ट्रॅफर्ड. १७१३ च्या उत्रेख्त तहाच्या वाटाघाटी ब्रिटनच्या बाजूने करणाऱ्या दोघांपैकी एक. त्या तहाच्या वेळीच स्पेनच्या अमेरिकेतल्या वसाहतींना ३० वर्षं, दर वर्षी ४,८०० गुलाम पुरवण्याचा मक्ता ब्रिटनला मिळाला. ज्याने हा करार घडवून आणला त्याच्या बागेत गुडघे टेकलेला आफ्रिकी माणूस! तिथे त्या मूर्तीचा अर्थ सांगायला कुणा तज्ज्ञाची गरज नाही.

आता डनमच्या फलकाविषयी. मूर्ती अंगणात होती तेव्हा शेजारच्या फलकावर माहिती होती, ती साधारण अशी: हे सौरघड्याळ तिसऱ्या विल्यमने करवून घेतलेल्या नमुन्याच्या धर्तीवरचं आहे, तेव्हा माहीत असलेल्या चार खंडांपैकी आफ्रिकेचं ते प्रतीक आहे, आकृती मूर (उत्तर आफ्रिकेतल्या मुस्लिम) माणसाची आहे, गुलामाची नव्हे, आणि १७५० च्या आधीपासून तो इथे गुडघे टेकून आहे.

"गुलामाची नव्हे." हे कुणी आणि का लिहिलं असेल? पाहुण्यांना अवघडल्यासारखं होऊ नये, दिवस छान जावा, म्हणूनच असणार. पण अर्धनग्न, गुडघ्यावर, डोक्यावर ओझं, असा माणूस समोर असताना तो गुलाम नाही असं सांगणं म्हणजे बघणाऱ्याला स्वतःच्या डोळ्यांवर अविश्वास दाखवायला लावणं. आणि खंडाचं प्रतीक म्हणाल तर त्या काळच्या चित्रपरंपरेत युरोप मुकुट घालून असते, आफ्रिका ही हत्तीच्या सोंडेचं शिरस्त्राण घातलेली, हाती सुबत्तेचं शिंग घेतलेली स्त्री असते. पिसं नेसवली जात ती अमेरिकेला. इथे तेही धड नाही. गोरा नाही ना, मग कुठलंही वस्त्र चालेल, इतकाच त्यामागचा विचार दिसतो.

'आहे तिथेच ठेवा आणि समजावून सांगा' असं पुढे ब्रिटिश सरकारनेही पुतळ्यांबाबत धोरण म्हणून जाहीर केलं. ऐकायला समंजस वाटतं. पण डनममध्ये कित्येक वर्षं हेच तर चाललं होतं. मूर्ती आहे तिथेच होती आणि समजावूनही सांगितलं जात होतं. समजावणारे शब्द खोटे असतील तर ठेवण्याला काही अर्थ उरत नाही.

माझी एक सहकारी नायजेरियाची. तिची मुलं आमच्या मुलांच्या वयाची. २०२० मध्ये मूर्ती हलवल्याची बातमी आली तेव्हा जेवणाच्या सुट्टीत ती सहज म्हणाली की आम्ही डनमला जायचो ते फक्त हरणं बघायला, वाड्याच्या अंगणात मुलांना कधीच नेलं नाही. आम्ही इतकी वर्षं एका टेबलावर जेवत होतो आणि हे मला माहीत नव्हतं, कारण मी कधी विचारलंच नव्हतं. मूर्ती अंगणातच राहू द्या म्हणणाऱ्यांनी या बाईला उत्तर द्यावं. अंगण ही रस्त्याची जागा. तिथून जायचं की नाही, एवढाच पर्याय तिला होता. घरात एका खोलीत, दाराशी आधी सांगून ठेवलेली मूर्ती असेल तर पाहायची की नाही, कधी पाहायची, मुलं किती मोठी झाल्यावर पाहायची, हे तिच्या हातात राहतं.

आणखी एक वाक्य वारंवार ऐकू येतं. त्या काळी हे चालत होतं, आजच्या मापाने त्यांना मोजू नका. ते कुणाला चालत होतं? पेनसिल्व्हेनियातल्या जर्मनटाउनच्या क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी माणसांच्या खरेदी-विक्रीचा लेखी निषेध केला तो १६८८ मध्ये, ही मूर्ती ओतली त्याच्या जवळजवळ अर्धं शतक आधी. आणि ज्यांना साखळीत बांधून नेलं त्यांना ते कोणत्याच काळात चाललं नव्हतं. त्या काळचं माप म्हणताना आपण नेहमी मालकाचं माप धरतो.

मराठी माणसाने यात का पडावं, असं मला एकाने विचारलं. माझ्या मते आपल्याकडे याविषयी बोलण्यासारखं पुष्कळ आहे. मलिक अंबर हा इथिओपियातला. लहानपणी विकला गेला, हातोहाती विकला जात दख्खनेत आला आणि निजामशाहीचा वजीर झाला. १६१० मध्ये त्याने खडकी वसवली, तेच पुढचं औरंगाबाद, आजचं छत्रपती संभाजीनगर. १६२४ मध्ये भातवडीला त्याने मोगल आणि आदिलशाही फौजांना धूळ चारली तेव्हा शहाजीराजे त्याच्या बाजूने लढत होते. १६२६ मध्ये तो गेला, खुलदाबादला त्याची कबर आहे. त्यानंतर पाऊणशे-शंभर वर्षांनी इंग्लंडच्या बागांना आफ्रिकी माणूस सुचला तो फक्त गुडघ्यावर. खडकीला नहरीने पाणी आणणारा माणूसही त्याच खंडातला होता, हे डोक्यात ठेवून मी त्या मूर्तीकडे पाहते तेव्हा ती आफ्रिकेविषयी काहीच सांगत नाही. जे सांगते ते मागवणाऱ्यांविषयी.

पण इथे आपल्याला मिरवायचा हक्क नाही. अंबर वजीर झाला, त्याच्याबरोबर विकली गेलेली बाकीची मुलं झाली नाहीत. पोर्तुगीजांच्या गोव्यात आफ्रिकी गुलाम घराघरांत होते. पेशवाईत कुणबिणी विकल्या जात, त्यांच्या किमतींच्या नोंदी दप्तरांत आहेत. आपल्या जुन्या देवळांत खांबांच्या माथ्यावर छत पेलणारे कीचक असतात, त्यांच्याकडे बोट दाखवून कुणी म्हणेल की भार वाहणाऱ्या मूर्ती सगळीकडेच असतात. असतात. पण कीचक यक्ष आहेत, पुराणातले. खाली सभामंडपात येणाऱ्या कुणाला त्यांच्यात आपला पणजोबा दिसत नाही. डनमच्या अंगणात तो दिसत होता.

जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' लिहिली आणि अर्पण केली ती अमेरिकेतल्या लोकांना, त्यांनी काळ्या गुलामांना दास्यातून सोडवलं म्हणून. पुण्यात बसून मराठीत लिहिणाऱ्या माणसाला समुद्रापलीकडच्या शेतमळ्यांवरचा गुलाम आपला वाटला, कारण इथला शूद्रातिशूद्र कोणत्या ओझ्याखाली आहे ते त्याला ठाऊक होतं. त्याच्या दहा-अकरा वर्षं आधी, अमेरिकेतल्या युद्धामुळे कापूस येईना म्हणून लँकाशरच्या गिरण्या बंद पडल्या होत्या. मुंबई त्या टंचाईत इथल्या कापसावर गबर होत होती आणि इकडे मँचेस्टरचे उपाशी गिरणी कामगार लिंकनला पत्र लिहून कळवत होते की गुलामांच्या मुक्तीसाठी आम्ही तुमच्या पाठीशी आहोत. लिंकनने जानेवारी १८६३ मध्ये त्यांना उत्तर पाठवलं. त्याचा पुतळा आज मँचेस्टरच्या मध्यावर आहे. डनमजवळच्या आल्ट्रिंगमहून ट्रामने, मध्ये थोडं चालून, तिथे पोचता येतं. या दोन मूर्ती एकाच शाळेच्या सहलीत दाखवायला हव्यात, असं मला मनापासून वाटतं.

पुतळ्याचं काय करायचं, याचा थोडा अनुभव मुंबईलाही आहे. १८९६ मध्ये दामोदर चाफेकरांनी व्हिक्टोरिया राणीच्या संगमरवरी पुतळ्याला डांबर फासलं आणि गळ्यात खेटरांची माळ घातली. बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांनी पैसे देऊन उभा केलेला पुतळा तो. स्वातंत्र्यानंतर, १९६० च्या दशकात, इंग्रज राजाराण्यांचे पुतळे रस्त्यांवरून निघाले आणि राणीबागेत, भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या परिसरात गेले. काळा घोडाही १९६५ मध्ये तिथेच आला, वर एडवर्ड राजा बसलेला. घारापुरीचा दगडी हत्तीही तिथेच आहे, इंग्लंडला न्यायला म्हणून १८६४ मध्ये उचलताना फुटलेला आणि मग जोडून उभा केलेला. लहानपणी आजोबांनी मला राणीच्या पुतळ्यासमोर उभं करून चाफेकरांची गोष्ट सांगितली होती. पुतळा फोडून टाकला असता तर ते कशाकडे बोट दाखवून सांगणार होते? आणि चौकातच मानाने ठेवला असता तर ती गोष्ट सांगताना त्यांचा आवाज तसा राहिला असता का? ब्रिस्टलनेही शेवटी हेच केलं. पाण्यातून काढलेला कोल्स्टन संग्रहालयात ठेवला तो आडवा, अंगावरचा आंदोलकांनी फासलेला रंग न पुसता.

तेव्हा डनममध्ये काय व्हावं? मूर्ती वाड्याच्या आत, अर्ल आणि त्याच्या घराण्याच्या चित्रांच्याच दालनात यावी. तबेल्यात नको, माळ्यावर नको, वेगळ्या 'वसाहतवाद' नावाच्या कोपऱ्यातही नको. ज्यांनी मागवली त्यांच्यासमोर असू दे. चौथरा नको. जमिनीवर ठेवली की सात-आठ वर्षांच्या मुलाचे डोळे त्याच्या चेहऱ्याच्या पातळीवर येतील. अंगणात तो भिरभिरत्या नजरेला फक्त एक आकार दिसायचा, जवळून तो चेहरा दिसेल. फलकावर घडवणाऱ्याचं नाव असावं, मागवणाऱ्याचं असावं, असे किती नग कुठे कुठे गेले ते असावं, लिव्हरपूलची जहाजं असावीत. आणि 'मूर आहे, गुलाम नव्हे' असं इथे अनेक वर्षं लिहिलेलं होतं, हेही त्याच फलकावर असावं. ती चूक आता त्या मूर्तीच्या इतिहासाचाच भाग आहे. अंगणातली जागा मोकळी राहू द्यावी. तिथे कारंजं वगैरे बसवू नये.

एका गोष्टीवर माझं मन बरेच दिवस अडलं होतं. सौरघड्याळ त्याच्या डोक्यावरून उतरवून शेजारी ठेवलं तर? आईचं बोलणं ऐकल्यापासून हे मनात होतंच. पण विचार केल्यावर वाटलं, नको. त्याचे हात वरच राहतील, रिकामे. ओझं काढून टाकलं की पाहणाऱ्याला हलकं वाटेल, त्याचा गुडघा मात्र टेकलेलाच असेल. ज्यांनी त्याला भार वाहायला घडवलं त्यांनी तो उतरवला नाही, हे जसंच्या तसं दिसलं पाहिजे.

आईला हे पटत नाही. गेल्या महिन्यात फोनवर मी तिला सगळं सविस्तर सांगितलं, संग्रहालयं, फलक, शिसं, साचे. तिने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ते सगळं लिही तू. पण आधी दोघींनी दोन बाजूंनी धरून ते खाली ठेवलं तर कुणाचं काय जातंय?"